पिनच्या पोटातलं पोलाद: घटक बदलत जाणाऱ्या वस्तूचं संगणकावर मॉडेल कसं करायचं

रबाळे, महापे, पावणे किंवा इकडे ठाण्यात वागळे इस्टेट. यातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये केस हार्डनिंगला, म्हणजे बाहेरचा भाग कडक करून घ्यायला, जाणाऱ्या एखाद्या पिनचं ड्रॉइंग मागून पाहा. व्यास, लांबी, चॅम्फर, टॉलरन्स सगळं रेषांनी आणि आकड्यांनी नीट दाखवलेलं असतं. खाली नोट्समध्ये एक ओळ असते: केस डेप्थ, म्हणजे त्या कडक भागाची खोली, ०.८ ते १.० मिमी. ती पिन वर्षभर टिकणार की महिन्यात झिजणार, हे बऱ्याच अंशी त्या ओळीवर ठरतं. कॅडच्या मॉडेलला मात्र त्या ओळीचा पत्ताच नसतो. तिथे मटेरियल म्हणून 'स्टील' हे एक नाव निवडलेलं असतं आणि ते पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत सगळीकडे सारखंच लागू होतं.

खऱ्या पिनचं पोट वेगळं असतं. ईएन ३५३ सारख्या पोलादात मुळात सुमारे ०.२ टक्के कार्बन असतो. भट्टीत बाहेरून आणखी कार्बन आत शिरतो. पृष्ठभागावर तो ०.८ टक्क्यांच्या आसपास पोचतो आणि आत जाताना हळूहळू उतरत मूळ ०.२ वर येतो. मधे कुठेही सांधा नाही, थर नाही. अशा वस्तूचं मॉडेल कसं करायचं, ते इथे पहिल्यापासून सांगतो. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि टूलरूममध्ये नुकतेच लागलेले तरुण डोळ्यांसमोर आहेत. थोडं कॅड आणि थोडं पायथन येत असलं की पुरे.

या विषयाला जोर आला तो १९८४ मध्ये जपानमध्ये, अवकाशविमानाच्या कामातून. पृष्ठभागावर २००० केल्विन तापमान आणि जेमतेम १० मिमी जाडीत १००० केल्विनचा उतार सोसणारा पत्रा हवा होता. सिरॅमिक आणि धातू एकमेकांना नुसते चिकटवले तर दोघांचं प्रसरण वेगळं असल्याने सांधा सुटतो. म्हणून एका बाजूला पूर्ण सिरॅमिक, दुसऱ्या बाजूला पूर्ण धातू आणि मधे प्रमाण बदलत जाणारं मिश्रण, ही कल्पना पुढे आली. इंग्रजीत याला फंक्शनली ग्रेडेड मटेरियल म्हणतात. आपल्याकडच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांनी ते नाव ऐकलेलं नसेल, पण त्यांच्या हातून रोज तेच बनून बाहेर पडतं.

शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येकजण एक गोष्ट उलटी करतो. तो आधी वस्तूचे बारीक ठोकळे पाडतो आणि मग एकेका ठोकळ्याला मटेरियल देत बसतो. माझं सांगणं याच्या उलट आहे. आधी नियम लिहा: या बिंदूपाशी घटकांचं प्रमाण किती, हे सांगणारं एक सूत्र. आकार वेगळा ठेवा, नियम वेगळा ठेवा आणि ठोकळे अगदी शेवटी, ज्या कामाला जेवढे बारीक लागतील तेवढेच पाडा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने जातात.

काय बदलतंय आणि कशापासून

संगणक सुरू करायच्या आधी कागदावर दोन उत्तरं लिहा. बदलणारी राशी कोणती? आपल्या पिनमध्ये ती कार्बनची टक्केवारी आहे. दुसऱ्या कामात ती दोन प्लास्टिकचं प्रमाण असेल किंवा जाळीची घनता असेल. कडकपणा, ताठपणा, रंग हे तिच्यावरून नंतर काढायचे. ते मूळ राशी म्हणून घेऊ नका.

दुसरा प्रश्न: ती कशापासून मोजायची? इथे घाई करू नका, कारण बहुतेक चुकीची मॉडेलं इथेच चुकतात. 'पृष्ठभागापासून' हे उत्तर अपुरं आहे. कुठला पृष्ठभाग? जॉब भट्टीतून आल्यावर ग्राइंडिंगला जातो आणि बाजूला दशांश-दीड दशांश मिलिमीटर निघून जातं. कार्बन शिरला तो ग्राइंडिंगच्या आधीच्या पृष्ठभागातून, आणि तुमच्या हातातलं ड्रॉइंग असतं नंतरचं. शिवाय आटे किंवा नंतर ड्रिल करायची जागा मऊ ठेवायची असेल तर तिथे तांब्याचा मुलामा देतात किंवा कार्बन अडवणारी पेस्ट लावतात. त्या भागातून कार्बन आत जातच नाही, म्हणजे त्या पृष्ठभागापासूनचं अंतर हिशोबात धरायचंच नाही.

ही माहिती फाइलमध्ये सापडत नाही, ती शॉपमध्ये जाऊन विचारावी लागते. भट्टीवरच्या माणसाला "मटेरियलचं ग्रेडिएशन काय आहे?" असं विचारलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील. "काका, किती अंशाला किती तास ठेवलं? ग्राइंडिंगला किती सोडलंय? आटे झाकले होते का?" असं विचारा. पाच मिनिटांत सगळं कळतं, आणि बहुतेक ठिकाणी लोक मनापासून सांगतात.

अंतर

आपली पिन २० मिमी व्यासाची, ४० मिमी लांबीची, साधी गोल धरू. अक्षापासूनचं अंतर त्रिज्या, खालच्या तोंडापासूनचं अंतर उंची. मग आतल्या कुठल्याही बिंदूची बाजूच्या पृष्ठभागापासूनची खोली म्हणजे १० वजा त्रिज्या. खालच्या तोंडापासूनची खोली म्हणजे उंची आणि वरच्या तोंडापासूनची ४० वजा उंची. ग्राइंडिंगला बाजूला ०.१५ सोडलं असेल तर १० च्या जागी १०.१५ घ्या. एवढा छोटा बदल, पण त्याचा परिणाम पुढे दिसेल.

आकार असा सोपा नसला तरी काम अडत नाही. फ्रीकॅडमधून वस्तूची त्रिकोणी जाळी काढून पायथनच्या ट्रायमेशसारख्या लायब्ररीला दिली की ती कुठल्याही बिंदूचं पृष्ठभागापासूनचं अंतर देते. आतला बिंदू धन की बाहेरचा, हे प्रत्येक लायब्ररी वेगळं ठरवते, म्हणून आधी गाभ्यातला एक बिंदू देऊन चिन्ह तपासा. झाकलेले पृष्ठभाग वगळायचे असतील तर त्यांचे त्रिकोण बाजूला काढून उरलेल्या त्रिकोणांपासूनच अंतर मोजा. आत-बाहेर ठरवायला मात्र पूर्ण जाळीच लागते.

नियम

कार्बन पोलादात विसरणाने, म्हणजे डिफ्यूजनने, शिरतो. पृष्ठभागावरचं प्रमाण स्थिर धरलं तर त्याचं गणित ठरलेलं आहे आणि त्यात एरर फंक्शन येतं. पायथनच्या सायपायमध्ये ते एर्फ या नावाने तयार मिळतं. सूत्र शब्दांत असं: खोलीला एका लांबीने भागा, त्या भागाकाराचा एर्फ काढा, त्याला पृष्ठभाग आणि गाभा यांच्या कार्बनमधल्या फरकाने गुणा आणि तो गुणाकार पृष्ठभागाच्या कार्बनमधून वजा करा.

ज्या लांबीने भागायचं तिला मी पल्ला म्हणतो. विसरणांक (कार्बन किती वेगाने पसरतो ते सांगणारा आकडा) गुणिले वेळ, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट म्हणजे पल्ला. ९२५ अंश सेल्सिअसला चार तासांसाठी तो साधारण पाऊण ते एक मिलिमीटरमध्ये येतो. आपण ०.९ मिमी धरू. पृष्ठभागावर ०.८, गाभ्यात ०.२, म्हणजे फरक ०.६. आता आकडे घालून पाहा. पृष्ठभागावर ०.८० टक्के, ०.४५ मिमी खोलीवर ०.४९, ०.९ मिमीवर ०.२९ आणि १.८ मिमीवर जवळजवळ गाभ्याएवढा, ०.२०.

वेळ वर्गमूळात आहे हे लक्षात ठेवा. खोली दुप्पट हवी तर तास चौपट लागतात. शॉपमध्ये चालणारा जुना ठोकताळाही हेच सांगतो: ९२५ च्या आसपास एकूण केस डेप्थ म्हणजे तासांचं वर्गमूळ गुणिले ०.६३५ मिमी. चार तासांना १.२७ मिमी. आपल्या सूत्रात १.२७ वर कार्बन ०.२३ च्या जवळ येतो, म्हणजे गाभ्यापेक्षा किंचित जास्त. 'एकूण' खोली म्हणजे तेच, जिथे फरक संपत आला. नियम बरोबर बसल्याची ही पहिली खूण.

आता ग्राइंडिंगचे ते ०.१५ मिमी. ग्राइंडिंगनंतर जो पृष्ठभाग उघडा पडतो त्यावर कार्बन ०.८ नसून ०.६९ च्या आसपास असतो. संदर्भाचा पृष्ठभाग चुकला असता तर हा फरक मॉडेलमध्ये कधी दिसलाच नसता.

कोपरा

आतापर्यंत बिंदूची खोली म्हणून सर्वांत जवळच्या पृष्ठभागापासूनचं अंतर घेतलं की भागत होतं. पिनच्या कडेला, जिथे गोल बाजू आणि सपाट तोंड मिळतात, तिथे ते भागत नाही. लोणच्यातल्या कैरीच्या फोडीचे कोपरे आधी मुरतात, कारण मीठ तिथे दोन-तीन बाजूंनी शिरतं. कार्बनचंही तसंच आहे.

कडेपाशी दोन्ही पृष्ठभागांपासून ०.४५ मिमी आत असलेला बिंदू घ्या. जवळच्या अंतराचा नियम म्हणतो ०.४९ टक्के. पण काटकोनातल्या दोन पृष्ठभागांसाठी विसरणाचं खरं उत्तर वेगळं आहे. दोन्ही अंतरांचे एर्फ वेगवेगळे काढायचे, त्यांचा एकमेकांशी गुणाकार करायचा आणि तो गुणाकार सूत्रात घालायचा. ०.५२ गुणिले ०.५२ म्हणजे ०.२७, आणि कार्बन निघतो ०.६४ टक्के. ०.४९ आणि ०.६४ यांत दुर्लक्ष करण्यासारखा फरक नाही. कडा जास्त कार्बन पिते, जास्त कडक आणि ठिसूळ होते आणि टवका उडाला तर तिथूनच उडतो. चॅम्फर किंवा रेडियस देण्यामागचं एक कारण हेही आहे.

आतल्या कोपऱ्यात, म्हणजे शाफ्टवर खांदा असतो त्याच्या मुळाशी, नेमकं उलट होतं. तिथे थोड्या पृष्ठभागातून आलेला कार्बन जास्त धातूत पसरतो आणि केस पातळ राहते. गिअरच्या दाताच्या टोकाला केस जाड आणि मुळाशी पातळ मिळते, त्याचं कारण हेच. दात मुळाशी वाकतो आणि तिथूनच मोडतो, म्हणून ज्याला गिअरचं मॉडेल करायचंय त्याने जवळच्या अंतराच्या नियमावर विसंबू नये.

जवळच्या अंतराला आणखी एक दोष आहे. दोन पृष्ठभागांपासून अंतर समान असेल त्या रेषेवर ते अचानक कल बदलतं, तिथे घडी पडते. रंगीत चित्रात ही घडी ४५ अंशांच्या तिरक्या रेषेसारखी दिसते. पुढे त्या मॉडेलवर ताणाचं विश्लेषण केलंत तर तिथे खोटे ताण उमटू शकतात. गुणाकाराच्या नियमात घडी नाही.

आकार अवघड असेल तर कुठलंही सूत्र शोधत बसू नका, विसरणाचं समीकरण सरळ जाळीवर सोडवा. पिन गोल आहे, म्हणून त्रिज्या आणि उंची या दोनच दिशांची जाळी पुरते. ०.०५ मिमीच्या जाळीत २०० गुणिले ८००, म्हणजे १ लाख ६० हजार चौकटी. साध्या पद्धतीत वेळेची पायरी चौकटीच्या वर्गाला विसरणांकाच्या चौपटीने भागून येते त्याहून लहान ठेवावी लागते. आपल्या आकड्यांना ती सुमारे ४५ सेकंद येते. ४० सेकंदांची पायरी घेतली तर चार तासांना ३६० पायऱ्या. साध्या लॅपटॉपवर हे काम चहा गाळून होईपर्यंत संपतं. पायरी मोठी घेतली तर आकडे वरखाली उड्या मारून भलतीकडे जातात. तसं दिसलं तर आधी हीच गोष्ट तपासा.

डोळ्यांनी पाहा

मॅटप्लॉटलिबमध्ये पिनचा उभा छेद रंगात काढा आणि त्यावर ०.४ टक्क्यांची समरेषा ओढा. ती सपाट भागात पृष्ठभागाला समांतर आणि कडेशी आत वळलेली दिसली पाहिजे. मग पृष्ठभागापासून गाभ्याकडे जाणारी एक सरळ रेषा घेऊन तिच्यावरचा कार्बन आलेखात काढा. इंद्रधनुष्यी रंगपट्टी वापरू नका. तिच्यात पिवळ्याच्या जागी खोटी कड दिसते आणि नसलेला थर आहे असं वाटतं. एकाच छटेत फिकट ते गडद जाणारी पट्टी घ्या. त्रिमितीत फिरवून पाहायचं असेल तर पॅराव्ह्यू फुकट मिळतो.

ठोकळे, आणि किती

आता कुठे ठोकळ्यांची पाळी आली. पूर्ण पिन ०.१ मिमीच्या घनाकार ठोकळ्यांत, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये बसवायची तर २०० गुणिले २०० गुणिले ४००, एक कोटी साठ लाख. प्रत्येकी चार बाइट धरले तर ६४ एमबी. ०.०५ वर गेलात की आठपट: १२ कोटी ८० लाख आणि ५१२ एमबी. आणखी एकदा निम्मं केलं तर चार जीबीच्या वर. सगळा बदल बाहेरच्या दीड-दोन मिलिमीटरमध्ये आहे आणि ठोकळे मात्र गाभ्यातही तेवढेच बारीक पडतायत.

नियम वेगळा ठेवला असेल तर हा प्रश्न हातात राहतो. पल्ल्याच्या लांबीत नऊ-दहा ठोकळे बसले की उतार नीट दिसतो. गाभ्यात दोन मिलिमीटरचेही चालतील. जीमेश या फुकट प्रोग्रॅममध्ये पृष्ठभागापासूनच्या अंतरावर चौकटींचा आकार ठरवण्याची सोय आहे, तिथे हेच आकडे द्या. उद्या दुसऱ्या कामाला वेगळी जाळी लागली तर नियम तोच राहतो, फक्त तो नव्या बिंदूंवर पुन्हा मोजायचा.

गुणधर्म: इथे सर्वांत जास्त फसगत होते

नवा माणूस आता उत्साहाने कार्बनवरून ताठपणा, म्हणजे यंगचा गुणांक, बदलायला जातो. थांबा. पोलादाचा यंगचा गुणांक कार्बनने जवळजवळ बदलत नाही. गाभ्यात आणि केसमध्ये तो सुमारे २०० ते २१० गिगापास्कलच राहतो. बदलतो तो कडकपणा आणि बदलते ती नमनसीमा, म्हणजे यील्ड स्ट्रेंग्थ. शिवाय क्वेंचिंगनंतर, म्हणजे तापलेला जॉब झटकन थंड केल्यावर, केसमध्ये दाबाचे ताण उरतात आणि तेच पिनला थकव्यापासून वाचवतात. म्हणून केस हार्डन केलेल्या पिनचं साधं लवचीक विश्लेषण केलंत तर उत्तर साध्या पिनसारखंच येईल. मॉडेल बिघडलेलं नसेल, प्रश्नच चुकीचा विचारलेला असेल. या पिनला विचारण्याजोगा प्रश्न: कुठल्या खोलीवरचा ताण तिथल्या नमनसीमेच्या वर जातो?

जिथे ताठपणा खरंच बदलतो, उदाहरणार्थ एक कडक आणि एक रबरासारखं अशी दोन रेझिन मिसळणाऱ्या प्रिंटरमध्ये, तिथे उलटा धोका आहे. कडक रेझिन २००० मेगापास्कल, मऊ रेझिन १ मेगापास्कल धरा. अर्धं-अर्धं मिसळलं तर किती? सरळ सरासरी म्हणते १०००. दोन्ही थर एकामागे एक दाबले जातायत असं धरून व्यस्त सरासरी काढली तर येतात २. दोन्ही उत्तरं नियमाने बरोबर आहेत आणि खरा आकडा त्यांच्या मधे कुठेतरी असतो. एवढ्या मोठ्या फटीत अंदाज चालत नाही. शंभर, पंच्याहत्तर, पन्नास, पंचवीस टक्के अशा मिश्रणांच्या पट्ट्या छापून, ओढून किंवा वाकवून मोजा आणि त्या मोजमापांवरून वक्र काढा. सिरॅमिक-धातूसारख्या जोडीत दोघांचे गुणांक दोन-तीन पटींच्या आत असतात, तिथे हा प्रश्न बराच सौम्य होतो.

विश्लेषणाच्या प्रोग्रॅममध्ये घालताना, कॅल्क्युलिक्स घ्या किंवा दुसरा कुठलाही, नवशिक्याने घटकाच्या प्रमाणाचे दहा ते वीस पट्टे करावेत आणि प्रत्येक पट्ट्याला एक मटेरियल ठरवावं. प्रत्येक चौकटीच्या मध्यबिंदूवर नियम मोजायचा, ती ज्या पट्ट्यात पडेल ते मटेरियल तिला द्यायचं. मग पट्ट्यांची संख्या दुप्पट करून पुन्हा चालवायचं. उत्तर हललं नाही तर पट्टे पुरेसे आहेत.

पडताळा

पिनची कापलेली फोड धातुपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या. अशा प्रयोगशाळा ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये आहेत. पृष्ठभागापासून आत दर ०.१ मिमीवर विकर्स कडकपणा मोजून मागा आणि एक ओळ कडेच्या कोपऱ्यातून तिरकीही मागा. नेहमीची ओळ सपाट भागावर घेतात, त्यामुळे कोपऱ्याची तिरकी ओळ सांगितल्याशिवाय मिळणार नाही. प्रभावी केस डेप्थ म्हणजे ज्या खोलीवर कडकपणा ५५० विकर्सवर उतरतो ती, आणि अहवालात तोच आकडा ठळक असतो. तुम्हाला मात्र सगळी ओळ हवी. त्यावरून पल्ला दुरुस्त करा. अगदी पृष्ठभागालगत कडकपणा थोडा खाली आलेला दिसला तर घाबरू नका. कार्बन जास्त असला की तिथे काही ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाचं रूप) न बदलता उरतो आणि तो मऊ असतो.

छापायचं असेल तर

फाइलचा प्रकार आधी पाहा. एसटीएलमध्ये फक्त त्रिकोण असतात. आतलं काहीच नाही, एवढंच काय, मिलिमीटर की इंच हेही नाही. २०११ मध्ये प्रमाण म्हणून आलेल्या एएमएफ प्रकारात घटकांचं प्रमाण सूत्राने लिहिता येतं, म्हणजे आपला नियम जसाच्या तसा. पण तो वाचणारे प्रोग्रॅम थोडे आहेत. २०१५ पासूनचा थ्रीएमएफ जास्त चालतो. एकेका ठिपक्यावर रेझिन टाकणाऱ्या यंत्रांना दर थराचं एक चित्र द्यावं लागतं. त्या चित्रात एका ठिपक्यावर एकच रेझिन असू शकतं, निम्मं-निम्मं नाही. म्हणून ३० टक्के म्हणजे शंभरातले तीस ठिपके, विखुरलेले. ते विखुरण्यासाठी फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची पद्धत आजही सहज वापरता येते. यंत्राचा ठिपका आडवा-उभा सारखा आहे का ते विचारा. इंचाला ६०० गुणिले ३०० ठिपके असतील आणि तुम्ही चौरस धरलात तर वस्तू एका दिशेने दुप्पट होते.

तीन घटक असतील तर प्रत्येक बिंदूवर तिन्हींची बेरीज १ आली पाहिजे. नियम लिहून झाल्यावर हजारभर बिंदूंवर बेरीज तपासून घ्या. उणे प्रमाण आलं तर शून्य करा आणि उरलेल्यांना बेरजेने भागा.

घरी किंवा कॉलेजात असतो तो बहुधा एका नोझलचा साधा प्रिंटर. त्यावर दोन घटक मिसळता येत नाहीत, पण प्लास्टिक आणि हवा यांचं प्रमाण बदलता येतं. यासाठी जायरॉइड ही जाळी उत्तम, अ‍ॅलन शोन यांनी १९७० मध्ये नासात असताना मांडलेली. तिचं सूत्र तीन गुणाकारांची बेरीज आहे: साइन क्ष गुणिले कॉस य, साइन य गुणिले कॉस झ, साइन झ गुणिले कॉस क्ष. आपण एक आकडा ठरवायचा, त्याला पातळी म्हणू. ही बेरीज उणे पातळी ते अधिक पातळी यांच्या मधे असेल तिथे प्लास्टिक, बाकी हवा. पातळी लहान ठेवली की भिंत पातळ, मोठी ठेवली की जाड. घनता साधारण पातळीच्या दोन तृतीयांश येते. तुमचा नियम पातळीत घाला. साइनच्या आत घालून जाळीची वीणच जागोजागी बदलायला जाऊ नका, खाने ताणले जाऊन वेडेवाकडे होतात. पातळी १.४१ च्या खाली ठेवा, त्यापुढे आतल्या हवेच्या वाटा तुटून बंद पोकळ्या उरतात.

सरावाला बांबू

भट्टी नाही, प्रयोगशाळा नाही, तरी सराव करता येतो. घोडबंदर रोडला कुठल्याही बांधकामावर परांचीच्या बांबूचा कापलेला तुकडा मागा. करवतीने सरळ काप घ्या, बारीक पॉलिश पेपरने घासा आणि कडेला पट्टी ठेवून मोबाइलने जवळून फोटो काढा. तंतूंचे गडद ठिपके बाहेरच्या सालीजवळ दाट, आत विरळ दिसतील. फोटो काळा-पांढरा करून भिंतीच्या जाडीचे दहा पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यात काळ्या भागाचं प्रमाण मोजा. बाहेर निम्म्याच्या वर आणि आत दहा-वीस टक्के असं काहीसं येईल. त्यातून सरळ रेषा किंवा वक्र काढा. हा तुमचा पहिला मोजलेला नियम.

मग एक प्रश्न विचारा: तेवढेच तंतू भिंतीत सारखे पसरले असते तर बांबू वाकायला किती सोपा झाला असता? ताठपणा फक्त तंतूंचा धरा आणि प्रमाण गुणिले त्रिज्येचा घन यांची जाडीभर बेरीज करा. बाहेरची त्रिज्या ४० मिमी, भिंत ८ मिमी, प्रमाण आत १५ आणि बाहेर ६० टक्के, मधे सरळ रेषेत, असं धरून मी हिशोब केला तर खरा बांबू फक्त ४ टक्क्यांनी जास्त ताठ निघतो. भिंत १५ मिमी केली तर ८ टक्क्यांनी. ऐकून वाटतं त्याहून हे कमी आहे, कारण अख्खा बांबू मुळातच पोकळ आहे आणि सगळं द्रव्य आधीच बाहेर गेलेलं आहे. आता तोच नियम चिरलेल्या पट्टीला लावा, म्हणजे सालीपासून आतपर्यंतच्या त्या ८ मिमी जाडीच्या कामटीला. तिचा तटस्थ अक्ष मध्यावर राहत नाही, सालीकडे सरकतो. तो आधी शोधून काढावा लागेल, मगच ताठपणा. टोपली विणणारे साल बाहेर ठेवून कामटी वाकवतात. साल बाहेर आणि साल आत अशा दोन्ही बाजूंनी वाकवून कुठल्या थरावर किती ताण येतो ते मॉडेलमध्ये काढा, आणि मग हातात कामटी घेऊन दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा.